दीर्घकाळची डोकेदुखी, मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब आणि एमआरआयच्या अहवालातील 'एम्प्टी सेला'

खाडीकाठ (धागालेखक)

महिनोन्‌महिने डोके दुखत असलेल्या माणसाच्या हातात आता आमच्या सिंधुदुर्गातही एमआरआयचा अहवाल असतो. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे ओळखीची माणसे असे अहवाल वाचून घ्यायला येतात आणि बहुतेक वेळा एकाच ओळीवर बोट ठेवतात: 'पार्शियली एम्प्टी सेला'. मेंदूतले काहीतरी रिकामे झाले, मेंदू सुकत चालला, अशी धास्ती त्यांनी घेतलेली असते. उलट अहवालाच्या शेवटी 'लक्षणीय दोष नाही' असे लिहिलेले असले, की घरची माणसे सगळे दुखणे मनाचे ठरवून मोकळी होतात. माझ्या भाचीच्या बाबतीत एकाच अहवालावरून या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि अखेर तिच्या दुखण्याचे कारण मेंदूभोवतीच्या पाण्याच्या वाढलेल्या दाबात सापडले. त्या निमित्ताने जे वाचले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, ते येथे मांडतो. डोकेदुखी हटत नसेल तर डोळ्याचा मागचा पडदा लवकरात लवकर, शक्यतो एमआरआयच्याही आधी, तपासून घेतला पाहिजे, असे माझे मत झाले आहे आणि ते का झाले तेही सांगतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती जे स्वच्छ पाणी असते, ज्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात, ते प्रौढ माणसात कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलिलिटर असते. पण दिवसभरात ते जवळजवळ ५०० मिलिलिटर तयार होते, म्हणजे चोवीस तासांत तीन वेळा तरी बदलले जाते. मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये ते मुख्यत्वे तयार होते, मेंदूभोवती व मणक्यात फिरते आणि शेवटी बरेचसे कवटीच्या आतील मोठ्या शिरांमध्ये शोषले जाते. सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू या पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका जाणवतो. कवटी ताणली जात नाही. त्यामुळे मेंदू, रक्त आणि हे पाणी यांपैकी एक वाढले की दुसऱ्या दोघांना जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आजही या सगळ्या विषयाचा पाया आहे.

दाब मोजण्याची पद्धत हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये जर्मनीत रूढ केली. रुग्णाला कुशीवर झोपवून कमरेच्या मणक्यांमधून सुई घालतात आणि तिला जोडलेल्या नळीत पाणी किती वर चढते ते पाहतात. प्रौढांमध्ये ही उंची २५ सेंटिमीटरच्या वर गेली तर दाब वाढलेला मानतात. गाठ नाही, शिरांमध्ये रक्ताची गुठळी नाही, संसर्ग नाही आणि तरीही दाब वाढलेला आहे, अशा अवस्थेला इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन, म्हणजे आयआयएच, हे नाव आहे. ती मुख्यतः बाळंतपणाच्या वयातील, वजन वाढलेल्या स्त्रियांमध्ये आढळते. पण पुरुषांत, मुलांत किंवा सडपातळ माणसांत ती होतच नाही असे मात्र नाही.

वाढलेला दाब मेंदूच्या परिसरावर खुणा ठेवतो. मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत पियुषिका ग्रंथी बसलेली असते. वरून पाण्याचा दाब येत राहिला की ती खोबणीच्या तळाशी चपटी होते, वरच्या जागेत पाणी भरते आणि चित्रात खोबण रिकामी दिसते. 'एम्प्टी सेला' ती हीच. ग्रंथी तेथेच असते आणि बहुतेकांमध्ये तिचे कामही चालू असते. दृष्टीच्या नसेभोवतीचे आवरण फुगते, ती नस वेडीवाकडी होते, डोळ्याच्या गोलाचा मागचा भाग सपाट होतो आणि कवटीतील रक्त बाहेर नेणाऱ्या आडव्या शिरा दोन्ही बाजूंनी अरुंद दिसतात. दाब वाढला म्हणून शीर दबते, शीर दबली म्हणून पाणी शोषले जाण्यास अडथळा होतो आणि दाब आणखी वाढतो. या चक्राची सुरुवात कोठे होते, यावर तज्ज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे.

माझ्या भाचीच्या तक्रारी आता आठवल्या तर सगळ्या या चित्रात बसतात: वाकले की क्षणभर डोळ्यांपुढे काळोख येणे, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमल्यासारखा आवाज होणे, मान आणि खांदे दुखणे, आणि झोपून उठल्यावर डोके अधिक जड वाटणे. त्या काळात कोणी तिच्या डोळ्यांत थेंब घालून मागचा पडदा पाहिला नव्हता. चष्म्याचा नंबर मात्र दोनदा तपासून झाला होता.

दीपमाळ

मी सरकारी रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करते, त्यामुळे गुरुजींच्या मुद्द्याला मनापासून दुजोरा देते. कवटीतला दाब वाढला की तो दृष्टीच्या नसेच्या आवरणातून थेट डोळ्याच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचतो आणि नस जेथे डोळ्यात शिरते ती चकती सुजते. या सुजेला पॅपिलेडेमा म्हणतात. सुरुवातीला रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतो, कारण मधली नजर शाबूत असते आणि नुकसान कडेच्या नजरेपासून सुरू होते. नुसते अक्षर वाचून घेणे आणि चष्म्याचा नंबर काढणे एवढ्यावर तपासणी संपली, तर ही सूज हातातून निसटते. कडेची नजर मोजण्यासाठी पेरिमेट्री ही वेगळी तपासणी करावी लागते.

पडदा पाहण्यासाठी घातलेल्या थेंबांनी काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कोणाला तरी आणावे आणि परत जाताना स्वतः दुचाकी चालवू नये. तपासणीला फार वेळ लागत नाही आणि बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी ती होऊ शकते. येथे एक सावधगिरीही सांगते. काही लोकांची चकती जन्मतःच उंचावलेली असते किंवा तिच्यात चुन्यासारखे कण साठलेले असतात आणि ती सुजल्यासारखी दिसते. अशा वेळी डोळ्याची सोनोग्राफी किंवा ओसीटी, म्हणजे मागच्या पडद्याच्या थरांचे प्रकाशाने काढलेले चित्र, करून खात्री करून घेतात. घाईने आयआयएचचा शिक्का मारणेही रुग्णाला महागात पडते.

डोके दुखत असताना एकाची दोन दृश्ये दिसू लागली, तर थांबू नये. डोळा बाहेरच्या बाजूला फिरवणारी सहावी नस वाढलेल्या दाबाने दुबळी होऊ शकते, आणि अशा रुग्णाला आम्ही त्याच दिवशी पुढे पाठवतो.

सुरंगी

खाडीकाठ गुरुजी, आपण वाढलेल्या दाबाविषयी लिहिले आहे. मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली होती. घरी आल्यावर उठून बसले की मान आखडून डोके असे दुखायचे की बाळाला घेऊन पाजणे अशक्य व्हायचे, आणि आडवी झाले की काही मिनिटांत ते दुखणे उतरायचे. सासूबाईंना वाटले वारा लागला, म्हणून कान बांधून ठेवले. पुढे भूलतज्ज्ञांनी समजावून सांगितले, की सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिल्याने आतला दाब कमी झाला होता. ओहोटीला खाडीतली होडी जशी पाण्याचा आधार जाऊन चिखलात टेकते, तसा मेंदू उभे राहिल्यावर खाली बसतो आणि त्याच्या वरची आवरणे ताणली जातात, हे त्यांचे बोलणे मला लगेच पटले. माझ्याच हातातले रक्त घेऊन त्यांनी पाठीत त्या जागेच्या आसपास सोडले, त्याला ब्लड पॅच म्हणतात, आणि त्याने मला आराम पडला.

नंतर वाचनात आले, की पाठीत भूल देण्याची सुरुवात करणारे ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये ती स्वतःवर करून पाहिली आणि पुढे कित्येक दिवस त्यांनाही नेमकी अशीच, आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी झाली.

बावनदी

सुरंगीताईंचा अनुभव महत्त्वाचा आहे, कारण असे झिरपणे सुई न टोचताही होऊ शकते आणि ते ओळखायला फार वेळ लागतो. मी फिजिशियन आहे. मणक्यातील आवरणाला बारीकशी चीर पडते, किंवा आवरणातील पाणी थेट शेजारच्या शिरेत जाऊ लागते. हा दुसरा प्रकार तर २०१४ मध्ये प्रथम वर्णन केला गेला. सुरुवातीला उभे राहिल्यावर दुखणे आणि झोपल्यावर थांबणे हे स्पष्ट असते, पण महिने उलटले की ती खूण पुसट होते आणि रुग्ण 'रोज डोके दुखते' एवढेच सांगतो. म्हणून मी प्रत्येक जुन्या डोकेदुखीत विचारतो, की अगदी पहिल्या आठवड्यात दुखणे कसे होते. उत्तर पुष्कळदा तेथे मिळते.

या कमी दाबाच्या आजारात मेंदूतील बदल नेमके उलट दिशेने होतात. मेंदू खाली सरकतो, लहान मेंदूचे टोक कवटीच्या तळच्या छिद्राकडे उतरते, पियुषिका ग्रंथी चपटी न होता फुगते, शिरा रुंदावतात, एमआरआयच्या वेळी शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला एकसारखी चमक येते आणि कधी दोन्ही बाजूंना पाणी किंवा रक्त साठते. लहान मेंदू उतरलेला पाहून काहींना कियारी (लहान मेंदू खाली उतरलेला असण्याचा जन्मजात दोष) समजून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो, म्हणून बाकीची चित्रे एकत्र पाहणे आवश्यक असते. आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला चमत्कारिक वाटेल: पाणी झिरपत असलेल्या पुष्कळ रुग्णांत सुई घालून मोजलेला दाब चक्क सर्वसाधारण येतो. शरीर बाकीच्या घटकांनी जागा भरून काढते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यामुळे दाबाचा आकडा चांगला आला, एवढ्यावर हा आजार नाकारता येत नाही.

मात्र धागा वाचून प्रत्येकाने आपल्या डोकेदुखीचा संबंध पाण्याशी जोडू नये. माझ्याकडे येणाऱ्या रोजच्या डोकेदुखीत बहुसंख्य अर्धशिशीचे जुने रुग्ण असतात आणि त्यांतील बरेच जण दुकानातून आणलेल्या गोळ्यांमुळे अधिक आजारी झालेले असतात. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान ही अर्धशिशीची औषधे १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले की त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवतात. तरीही अर्धशिशी आणि वाढलेला दाब या दोन आजारांची सरमिसळ होते, हे मान्य करावे लागेल. ह्यूस्टनमधील निनान मॅथ्यू आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या अर्धशिशीच्या ८५ रुग्णांचा दाब मोजला, तेव्हा १२ जणांत तो वाढलेला आढळला आणि त्यांच्या डोळ्यांत सूज नव्हती. निवडक, कठीण रुग्णांमधला हा आकडा सर्वांना लागू होत नाही. पण सूज नाही म्हणजे दाब नाहीच, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

तिरफळ

माझा प्रश्न आमच्या शेतीशी संबंधित आहे. लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिससाठी आरोग्यसेविका डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. या औषधाने डोक्यातला दाब वाढतो असे भावाने कोठेतरी वाचले आणि यंदा त्याने गोळ्या घेतल्या नाहीत. हे योग्य आहे का?

बावनदी

तिरफळ, आपल्या भावाला कृपया गोळ्या घ्यायला सांगा. टेट्रासायक्लिन गटातील औषधे आणि वाढलेला दाब यांचा संबंध वैद्यकात नोंदलेला आहे, पण तो बहुतांशी मुरुमांसाठी रोज, आठवडेच्या आठवडे घेतलेल्या औषधांच्या संदर्भात आहे. लावणीच्या काळातील प्रतिबंधक मात्रा सहसा आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम असते. लेप्टोने मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसे निकामी होऊन माणसे दगावतात, आणि कोकणात पावसाळ्यात हे आम्ही प्रत्यक्ष पाहतो. दोन धोक्यांचे वजन अजिबात सारखे नाही. गोळ्या सुरू असताना नवीनच डोकेदुखी आणि धूसर दिसणे असे दोन्ही सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवून त्यांना गोळीविषयी आवर्जून सांगावे.

मुरुमांसाठी घेतले जाणारे आयसोट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा आणि बराच काळ घेतलेले स्टिरॉइड एकदम थांबवणे, ही अन्य ज्ञात कारणे आहेत. आयसोट्रेटिनॉइन आणि टेट्रासायक्लिन एकत्र देत नाहीत, ते याच कारणाने. तरुण मुली पार्लरमधल्या किंवा मैत्रिणीच्या सल्ल्याने अशा गोळ्या घेतात आणि डोकेदुखीसाठी आल्यावर त्यांचा उल्लेखही करत नाहीत, म्हणून मला हे विचारून घ्यावे लागते.

वाशिष्ठी

मी क्ष-किरण विभागात अहवाल लिहितो. 'पार्शियली एम्प्टी सेला' हा शब्द आम्हाला दिसले ते नोंदवायचे म्हणून लिहावा लागतो, आणि ज्यांना कोणताही त्रास नाही अशा कितीतरी लोकांत, विशेषतः वय वाढल्यावर, ही खोबण रिकामी दिसते. ती एकटी असेल तर तिचा अर्थ फार थोडा. २०१३ मध्ये फ्रीडमन, लिऊ आणि डिग्रे यांनी सुधारलेले निकष प्रसिद्ध केले, त्यांत डोळ्यांना सूज नसलेल्या रुग्णात चार खुणांपैकी किमान तीन दिसल्या तर आयआयएचचा संशय धरावा असे म्हटले आहे. रिकामी खोबण, डोळ्याचा सपाट झालेला मागचा भाग, दृष्टीच्या नसेभोवती वाढलेले पाणी आणि अरुंद आडव्या शिरा, या त्या चार खुणा.

अडचण अशी होते, की चिठ्ठीवर नुसते 'डोकेदुखी' लिहिलेले असले तर नेहमीच्या पद्धतीने चित्रे काढली जातात आणि त्यात डोळ्यांची बारीक चित्रे किंवा शिरांचे चित्रण, म्हणजे एमआर व्हेनोग्राफी, नसते. 'वाकल्यावर अंधारी येते', 'कानात ठोके ऐकू येतात', 'आडवे झाल्यावर दुखणे थांबते' यांपैकी एक वाक्य जरी चिठ्ठीवर असले, तरी आम्ही काय शोधायचे ते कळते आणि पाहणी बदलते. शिरांचे चित्रण आणखी एका कारणासाठी अत्यावश्यक आहे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते, ती बाहेरून अगदी आयआयएचसारखी दिसते आणि तिचे उपचार पूर्ण वेगळे असतात. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत अजून टिकून आहे. शरीरातले पाणी कमी झाल्याने गुठळीचा धोका वाढतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगायला हवे.

माडाचीवाडी

माझ्या बहिणीला मणक्यातून पाणी काढून दाब मोजायला सांगितले आहे. आई तयार होत नाही. पाठीतले पाणी काढले की माणूस पांगळा होतो, असे वाडीत सगळे सांगतात. बहीण स्वतःही घाबरली आहे. काय करावे?

बावनदी

आपल्या आईंना असे सांगून पाहा, की मज्जारज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून घालतात. तेथे पाण्यात मोकळ्या तरंगणाऱ्या नसा असतात आणि त्या सुईपासून बाजूला सरकतात. काढलेले पाणी काही तासांत पुन्हा तयार होते. लोक पांगळे झालेले पाहतात ते बहुधा ज्या आजारासाठी पाणी काढले, म्हणजे क्षयाचा मेंदूज्वर वगैरे, त्याच्यामुळे. दोष मात्र सुईच्या वाट्याला येतो. काहींना नंतर सुरंगीताईंसारखी डोकेदुखी होते, आणि बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर तिचे प्रमाण बरेच कमी होते. तपासणीच्या आधी मेंदूचे चित्रण झालेले असणे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ते सांगणे, या दोन गोष्टींची खात्री करा. मोजताना बहिणीने पाय सैल सोडून शांत श्वास घ्यावा. पोट आवळून धरले की आकडा खोटाच वाढतो.

खाडीकाठ

सर्व जाणकारांचे आभार. उपचारांविषयी थोडे लिहायचे राहिले होते. भाचीला ॲसिटाझोलामाइड सुरू आहे. हे औषध पाणी तयार होण्याचा वेग कमी करते. बोटांना मुंग्या येतात, सोडावॉटरसारख्या पेयांची चव बिघडते, आणि मूतखड्याची शक्यता असल्याने पाणी भरपूर प्यावे लागते. अमेरिकेत १६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी मिठाचा आहार व वजन घटवणे यांच्या जोडीला हे औषध दिल्यावर सहा महिन्यांत कडेची नजर अधिक सुधारली. आजार मुळातून शमवण्यासाठी मात्र वजन उतरवणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि त्यासाठी काहींना १५ टक्क्यांपर्यंत घट करावी लागते. नजर झपाट्याने जाऊ लागली तर पाण्याला वाट करून देणारी नळी बसवतात किंवा नसेच्या आवरणाला छेद देतात, आणि निवडक रुग्णांत अरुंद शिरेत स्टेंट घालतात.

वजनाचा विषय निघाला की घरातले सगळे त्या मुलीला ऐकवू लागतात, हे मी जवळून पाहिले आणि मला त्याचे फार वाईट वाटले. दुखण्याने जिला अंथरुणातून उठवत नाही, तिला 'चालायला जा' एवढे सांगून भागत नाही. पेज, मासे, नाचणी हे तिचे जेवण चालूच आहे. सुके मासे, पापड आणि लोणचे मात्र मिठामुळे बंद झाले आहे, आणि ते सगळ्या घरानेच बंद केले म्हणून तिला जमले. तिचे लक्ष लागत नाही, वाचलेले लगेच विसरते, अशी तक्रार होती आणि आम्ही ती आळसात मोजत होतो. बर्मिंगहॅम येथील संशोधनात आयआयएचच्या रुग्णांची एकाग्रता मंदावलेली आणि दाब उतरल्यावर ती सुधारलेली आढळली आहे, हे कळल्यावर घरातले बोलणे बदलले.

चपटी झालेली ग्रंथी आणि अरुंद झालेल्या शिरा दाब उतरल्यावर काही जणांत पूर्ववत होतात, काहींत चित्र तसेच राहते आणि त्याने बिघडत नाही. दृष्टीच्या नसेचे तंतू एकदा वाळले की परत येत नाहीत. म्हणून भाचीचे पुढचे सगळे वेळापत्रक एमआरआयऐवजी पेरिमेट्री आणि ओसीटीवर बेतलेले आहे.

माडाचीवाडी

डॉक्टर, आपला मजकूर आईला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचून घेतला आणि आता ती तयार आहे. बहिणीला गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेणार आहोत. सोबत कोणते कागद न्यावेत?

वाशिष्ठी

अहवालाच्या कागदाबरोबर एमआरआयची सीडी नक्की न्या, कारण तेथील डॉक्टरांना मूळ चित्रे स्वतः पाहावी लागतात आणि ती नसली तर तपासणी पुन्हा करावी लागते. शिरांचे चित्रण झाले आहे का, ते आजच अहवालावर पाहा. 'व्हेनोग्राफी' हा शब्द कोठेच नसेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना फोन करा. डोळ्यांच्या तपासणीचे कागद, चालू असलेल्या आणि गेल्या वर्षभरात घेतलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे, त्वचेच्या औषधांसह, एका पिशवीत घाला. थेंब घातल्यावर बहिणीला परतीच्या प्रवासात नीट दिसणार नाही, म्हणून सोबत एक माणूस फक्त तिच्यासाठी असू द्या.